मोसंबीचं जळण

सोसायटीचा ट्रक आला की मला घरात बसल्या बसल्या कळायचं. पाणंदीच्या वळणावर ड्रायव्हर गिअर बदलायचा, तेव्हा गाडी म्हाताऱ्या माणसासारखी एकदा खाकरायची. मग मी हातातलं टाकून चहाचं आधण ठेवायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. त्या दुष्काळात मात्र ट्रक मोसंबी न्यायला येत नव्हता, मोसंबीची झाडं न्यायला येत होता.

सोसायटी म्हणजे उमापूरच्या आसपासच्या फळबागवाल्यांनी भाग भरून काढलेली सहकारी सोसायटी. माझे यजमान पहिल्यापासूनचे सभासद. वार्षिक सभेला ते इतक्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत निघायचे की मी म्हणायची, ‘पुन्हा बोहल्यावर चढताय की काय?’ त्यांना ते आवडायचं नाही. सोसायटीची थट्टा त्यांना सहन होत नसे, माझी थट्टा मात्र ते दिवसभर करत. सोसायटीने ट्रक घेतला त्या दिवशी तर ते घरी येऊन मला ओढतच बाहेर घेऊन गेले. ‘बघ, आपला ट्रक!’ मी म्हटलं, ‘यातलं आपलं काय? एखादा नटबोल्ट असेल.’

त्या ट्रकचा ड्रायव्हर परळीच्या पलीकडचा, धर्मापुरीचा. बायकापोरं गावी, हा इकडे. बोलायला तिखट, पण माणूस साधा. हंगामात आमची तोडणी चालायची तेव्हा तो झाडाखाली बसून मोसंबी सोलायचा आणि मला म्हणायचा, ‘काकू, तुमच्या बागंतली लई गोड हाय, पन तुमची जीभ तशी न्हाई.’ मी त्याला ताटावरून उठवायची धमकी द्यायची आणि भाकरी वाढायची.

यजमान गेले आणि दोन वर्षांनी तो दुष्काळ पडला. मुलगा पुण्याला कंपनीत होता. फोनवर एकच म्हणायचा, ‘आई, इकडं ये.’ माझंही उत्तर ठरलेलं, ‘आणि बागेला पाणी कोण देणार?’ एवढ्या एका उत्तरावर मी शेतातल्या त्या घरात एकटी राहत होते. मुलाच्या घरी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची माझी तयारी नव्हती. बाग होती तोवर इथे राहायला कारण होतं. बाग गेली तर मी इथं कुणासाठी राहायचं, हा प्रश्न मी स्वतःलासुद्धा विचारत नव्हते.

विहिरीने तळ दाखवला. मी टँकर घेतले, बादलीने आळ्यांत पाणी घातलं. म्हैस चारा छावणीत नेऊन बांधली. शेजारच्या वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेली होती, घरांना कुलपं होती. दिवसभरात एक शब्द बोलायला माणूस नव्हतं. मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायला लागले तेव्हा रेडिओ बंद करून फडताळात ठेवून दिला.

झाड जिवंत आहे का हे बघायची रीत सोपी असते. सालीवर नख ओढायचं. खाली हिरवं दिसलं तर आशा असते. मी रोज सकाळी एकेका ओळीत नख ओढत फिरायची. आधी फांद्या तपकिरी निघाल्या, मग बुंधे. ज्या दिवशी विहिरीजवळच्या शेवटच्या झाडाचीही साल कोरडी निघाली, त्या दिवशी मी घरी येऊन जेवले आणि झोपले. रडायला यायला हवं होतं, पण आलं नाही.

सोसायटीकडेही न्यायला फळ उरलं नव्हतं. ट्रक नुसता उभा ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी तो जळणाच्या वाहतुकीला लावला. वीटभट्ट्यांना, हॉटेलांच्या भट्ट्यांना लाकूड लागायचं आणि आमच्या भागात त्या वर्षी वाळलेल्या बागांना तोटा नव्हता. मोसंबीचं लाकूड जड असतं, चांगलं जळतं. विचारायला ड्रायव्हरच आला. एरवी थेट चुलीपर्यंत येणारा माणूस उंबऱ्याबाहेर चप्पल घालूनच उभा राहिला.

‘काकू, रागाला येऊ नका,’ तो म्हणाला. ‘दुसरं कुनी येन्यापरीस म्या आलो.’

‘आत ये आधी,’ मी म्हटलं. ‘दारात उभं राहून मयताचा निरोप दिल्यासारखं बोलू नको.’

तो आत आला, चहा प्याला आणि ठरलं.

तोडायला एक नवरा-बायको आले. दोघंही ऊसतोडीवरून परत आलेले. ऊसच नसल्यामुळे त्यांच्या सहकारी कारखान्याचं धुराडं लवकर थंड झालं होतं, म्हणून ती हातात कुऱ्हाड घेऊन मिळेल त्या कामाला फिरत होती. नवरा कमी बोलायचा. बायको मात्र कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाबरोबर काहीतरी बोलायची. नवऱ्याला, झाडाला, मला, कुणालाही. ती पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, ‘बाई, एवढ्या मोठ्या घरात तुमाला भ्या न्हाई वाटत?’

मी म्हटलं, ‘भीती वाटायला दुसरं कुणी लागतं.’

ती खूप हसली. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते, पण कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं होतं.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. ते चांगले गेले. एका बाजूला माझ्या यजमानांनी लावलेली झाडं आडवी होत होती आणि दुसऱ्या बाजूला मी गुणगुणत पिठलं हाटत होते. सकाळी कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला की मला उठावंसं वाटायचं. दुपारी तिघं मिळून जेवायचो. संध्याकाळकडे ट्रक यायचा, मागचा फाळका खाली पडायचा आणि ओंडके हौद्यात चढायला लागायचे. ड्रायव्हर वर उभा राहून थर लावायचा. मी खालून ओरडायची, ‘वाकडं लावतोयस, वळणावर सगळं पाडशील!’ तो वरून, ‘काकू, तुमीच चालवा गाडी, म्या भाकरी थापतो!’ जाडजूड दोर आवळून भरलेला ट्रक निघायचा, नवरा-बायको त्याच्या केबिनमध्ये बसून गावापर्यंत जायची. मग जी शांतता पडायची ती आधीच्या महिन्यांपेक्षा जास्त होती. आधी मला तिची सवय होती.

बाग रोज थोडी थोडी उघडी होत गेली. घराच्या मागच्या खिडकीतून कधी न दिसलेला डांबरी रस्ता दिसायला लागला. शेवटची ओळ पडली तेव्हा बाई कुऱ्हाड खांद्यावर टाकून म्हणाली, ‘झालं बगा.’ 

मी घाईघाईने म्हटलं, ‘झालं कसं? मुळं राहिलीत ना. मुळं पण काढा. मुळंही जळतात.’

मुळं निघाली. ती काढायला तोडण्यापेक्षा जास्त दिवस लागले, म्हणून मी खूश होते. मुळं संपली तेव्हा मला ओढ्याकाठच्या वेड्या बाभळी आठवल्या. बाभळी संपल्या तेव्हा मी म्हटलं, गोठ्याचं आढं जुनं झालंय, म्हैस काही इतक्यात येत नाही, तेही न्या. मग मोडका नांगर. मग औत आणि जुवाच्या शिवळा. मग माळ्यावर पडलेली, यजमानांनी एकदा हौसेनं केलेली आणि कधीच न वापरलेली बैलगाडीची चाकं. ट्रक यायचा, अर्धा भरायचा, जायचा. नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागली. बाईने बोलणं कमी केलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. मला कीव करणारी माणसं आवडत नाहीत. मी तिला त्या दिवशी उगाचच टाकून बोलले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं आली नाहीत. दुसरीकडे काम लागलं होतं. ड्रायव्हर एकटाच आला. त्याने हौद्यात पाहिलं, उघड्या गोठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘आज काय भरायचं काकू?’

दारात कडुनिंब होता. आमचं घर बांधलं तेव्हापासूनचा. साऱ्या शेतात हिरवं तेवढंच उरलं होतं, कडुनिंबाची मुळं पाण्यासाठी कुठपर्यंत जातात कोण जाणे. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

‘हा ने.’

 ड्रायव्हर ओट्यावर बसला, टॉवेलने तोंड पुसलं.

‘हिरवं झाड हाय ते.’

‘वाळेल.’

‘न्हाई तोडनार म्या,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, ‘काकू, कावून असं करता? घर बी देऊन टाकताल मला. लाकूड लागतं ते गाडीला. म्या बिगरलाकडाचा बी येईन की. आयतवारी येतो. नुसता येतो.’

मला इतका राग आला की मी आत निघून गेले. आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले आणि तेव्हा मात्र रडले. पोटभर रडले. बागेसाठी रडले, यजमानांसाठी रडले, आणि एका परक्या माणसाने मला इतकं नीट ओळखलं म्हणूनही रडले. बाहेर आले तेव्हा ट्रक रिकामाच निघून गेला होता.

रविवारपर्यंत मी घर झाडून काढलं. ओटा सारवला. छावणीत जाऊन म्हशीला बघून आले, येताना कुणाकडून तरी थोडं दूध आणलं. पुरण घातलं. मुलाचा फोन आला तर त्याला म्हटलं, ‘आज बोलायला वेळ नाही, पाहुणे येणार आहेत.’ तो चकित झाला. मीही झाले.

तो आला. शब्दाचा पक्का. अंगात धुतलेला शर्ट होता आणि केस चापून बसवले होते. ट्रक पाणंदीत वळला तेव्हा खाकरला, पण रिकाम्या गाडीचा आवाज वेगळाच येतो, नुसतं पत्रे वाजल्यासारखा. तो ओट्यावर बसला. मी चहा दिला.

‘बरंय का काकू?’

‘बरंय. तुझं?’

‘बरंय.’

मी त्याच्या मुलांची चौकशी केली. त्याने माझ्या मुलाची केली. तो म्हणाला, ऊन वाढलं. मी म्हटलं, हो वाढलं. मग दोघंही समोर बघत बसलो. समोर जिथे बाग होती तिथे खड्डेच खड्डे होते. याआधी आमच्या दोघांच्या मध्ये काहीतरी असायचं. मोसंबीची टोपली, वाकडा थर, सैल दोर, त्याच्यावरून भांडायला काहीतरी. आता मध्ये काही नव्हतं. मी थट्टा करायचा प्रयत्न केला, ‘शर्ट नवा दिसतोय.’ तो म्हणाला, ‘न्हाई काकू, जुनाच हाय.’ त्याने पुरणपोळी खाल्ली, आणखी एक घेतली, चांगली झालीये म्हणाला. खोटं बोलत नव्हता. पण दोनदा त्याने रस्त्याकडे पाहिलं आणि मी ते पाहिलं. मग मीच म्हटलं, ‘निघ आता, तुला लांब जायचंय.’ तो इतक्या पटकन उठला की त्यालाच वाईट वाटलं असावं. ‘येतो परत,’ म्हणाला. मी ‘ये’ म्हटलं.

तो परत आला नाही आणि मी त्याला दोष देत नाही. येऊन तरी काय केलं असतं आम्ही? पुढच्या आठवड्यात मी मुलाला फोन करून सांगितलं की येते. तो म्हणाला, ‘आता काय झालं?’ मी म्हटलं, काही नाही. मुलगा हुशार आहे, पण त्याला ते सांगून समजलं नसतं. ड्रायव्हर त्या रविवारी आलाच नसता, तर मी अजून तिथेच असते. निदान त्याची वाट तरी बघत बसले असते.