दाराबाहेरचा माणूस

त्या कोर्टात आता पुकारा होत नाही. दारावर पडदा बसवलाय, त्यावर खटल्याचा नंबर उजळतो आणि माणसं माना वर करून आपला नंबर शोधतात. निवृत्त पट्टेवाला तिथून जाताना हटकून थांबतो. त्याच्या काळी त्या दारात तो उभा असे आणि त्याचा आवाज जिना उतरून खालच्या चहावाल्यापर्यंत जाई. वकील मंडळी त्याला भोंगा म्हणत. आरोपी असो, फिर्यादी असो की साक्षीदार, प्रत्येकाचं नाव तो एकाच सुरात पुकारी. "खरं-खोटं आत साहेब बघतील," तो म्हणे, "माझ्या दारात सगळे सारखे."

पंचाईत झाली ती लेकीलाच साक्षीचं समन्स आलं तेव्हा. गच्चीवरचे कपडे काढताना तिनं समोरच्या घड्याळवाल्याला दांडक्यानं झोडपणारा माणूस पाहिला होता. माणूस गल्लीतलाच. कॉलेजात जाणारी पोर, पण तिला अन्न गोड लागेना.

"बाबा, आत कोण कोण असतं?" तिनं विचारलं.

खटल्याबद्दल तो चकार शब्द काढणार नव्हता, म्हणून त्यानं घरचीच माणसं उभी केली. "सरकारी वकील म्हणजे तुझी आई. कुठे होतीस म्हणून विचारते, पण तिला आधीच माहीत असतं. आरोपीचे वकील म्हणजे तुझी आत्या. तू काहीही सांग, 'नक्की का गं?' म्हणणारच. आणि न्यायाधीश म्हणजे आजोबा. डोळे मिटलेत म्हणून झोपलेत असं समजायचं नाही."

"आणि आरोपी?"

"त्याच्याकडे ओळखण्यापुरतं बघायचं. बाकी साहेबांकडे बघून बोलायचं."

"तुम्ही कुठे असाल?"

"मी दाराबाहेर."

तारखेच्या सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "आज जरा हळू पुकारा ना. ऐकूच गेलं नाही म्हणता येईल. उद्या तो सुटून गल्लीत आला म्हणजे?"

"हळू पुकारायला येतं कुठे मला!" तो हसला खरा, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. कोर्टात पोचताच त्यानं शिरस्तेदारांना गाठलं. "साहेब, आज मला दुसऱ्या दारावर पाठवा."

"का रे भोंग्या? तुला पुकारायचंय, साक्ष थोडीच द्यायचीय? जा, उभा राहा."

लेक व्हरांड्याच्या टोकाला आईला खेटून बसली होती. हातात रुमालाचा बोळा, नजर जिन्याकडे. नाव तोंडातल्या तोंडात पुटपुटलं असतं, तर ती आणि तिची आई जिना उतरून गेल्या असत्या. साक्षीदार गैरहजर, विषय तात्पुरता मिटला. पण दाराजवळच्या बाकावर घड्याळवाला बसला होता. मोडून वाकडा जुळलेला हात मांडीवर, कान दाराकडे.

आतून इशारा झाला. त्यानं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि नेहमीच्या सुरात ठणकावलं,

"खारूताई हाजिर होऽऽ!"

व्हरांड्यातल्या माना दाराकडे वळल्या. इतकी वर्षं घरात तो जे नाव हाकारत आला होता, तेच जिभेवर आलं होतं. मग असा हशा उसळला म्हणता!

"भोंग्या, साक्षीदार झाडावरून उतरवलाय का रे?" एक वकील ओरडले. घड्याळवालाही खुदकन हसला.

"बाबा!" लेक लालेलाल होऊन उठली. तिलाही हसू आवरेना. हसता हसताच ती तरातरा चालत दारापाशी आली आणि त्याच्याकडे डोळे वटारून आत गेली.

"बाई, कागदावरचं नाव सांगा हं," आतून न्यायाधीशांचा आवाज आला. "बाहेर पुकारलं ते नको."

दार लोटलं गेलं. तिचा आवाज आधी चिरका, अडखळत आला. मग हळूहळू शब्द सुटे होत गेले, चढत गेले, दारातून थेट व्हरांड्यात ऐकू यायला लागले. बायको येऊन त्याच्याशेजारी उभी राहिली.

"अहो, केवढ्यानं बोलतेय ही! सगळ्यांना ऐकू जातंय."

"काय करणार," तो म्हणाला आणि टोपी सारखी केली. "तिलाही हळू येत नाही."