पिवळ्या कार्डावरचं नाव

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास भवानी पेठेतल्या एका शाळेत मी नर्स म्हणून जात असे. दवाखाना कसला, जिन्याखालची खोली. तिची किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला, आणि दारात खरूज खाजवत ताटकळलेली पोरं. खोली उघडली की आत झेंड्याचे बांबू आणि मोडकी बाकं. ती बाहेर कोण काढणार, तर मीच. शिक्षकांना आम्ही म्हणजे नसती ब्याद वाटत असू.

मला खरी काळजी होती चौथीतल्या एका मुलीची. विणकरांची पोर, घरी तेलुगू बोलणारी. सांधे सुजून ताप आला होता आणि त्यात तिच्या हृदयाची झडप बिघडली होती; छातीला नळी लावली की ठोक्यात सूं असा आवाज येई. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई घेतली नाही तर ताप उलटणार आणि हृदय आणखी निकामी होणार. तिच्या आईला हे मी सतरा वेळा सांगितलं. ती नुसती मान हलवी. शेवटी माझं डोकं फिरलं. सुयांच्या तारखा लिहायचं पिवळं कार्ड तिच्या हातात आपटून मी म्हटलं, "एक जरी सुई चुकली तर नाव कापीन."

पुढच्याच महिन्यात घरची सगळी तिरुपतीला जाऊन आली. मुलीचं डोकं तुळतुळीत झालं होतं. त्यानंतर मात्र तिची एकही सुई चुकली नाही. वेळेवर येई, कार्ड पुढं करी, हूं की चूं न करता टोचून घेई. वजन उतरलं म्हणून मी तिलाच झापलं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आवाज गेला की हो, सिस्टर." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ही बातमी सांगायला मी तिच्या घरी गेले. ती दारातच लंगडी खेळत होती. आत मागाशेजारी तिच्याच तोंडवळ्याची, तिच्याहून चार बोटं उंच पोर चरख्यावर कांड्या भरत बसली होती. केस धाकटीसारखेच आखूड वाढलेले, ओठ निळसर. चार फेरे झाले की थांबून श्वास घेत होती.

मी आईकडे पाहिलं.

"थोरली कामाला लागती की," ती शांतपणे म्हणाली. "तिरुपतीहून आल्यापासनं शाळा बंद केली तिची. म्हून धाकटीला पाठवत हुते. रेशनला घरातलं कुनीबी गेलं तर चालतंय न्हवं?"

शाळेनं मला कळवलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. रेशन आणि औषध यांतला फरक सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितला. ती बाई भेदरून म्हणाली, "तुमीच म्हनलात की, चुकली तर नाव कापीन. एकबी चुकवली न्हाय आमी."

 थोरलीनं चरखा थांबवला, भिंतीला धरून उठली आणि दम खात म्हणाली, "बाई, आता मला टोचा. पन माजं नाव कापू नका."