सुपल्याची गायवाट

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागावं, अंजनेरी मागे टाकावी आणि आडरस्त्याने आत जावं, म्हणजे सुपल्या डोंगर दिसतो. धान्य पाखडता पाखडता कुणीतरी सूप उभं करून ठेवलं आणि विसरून गेलं, असा. त्याच्या पायथ्याच्या वाडीत सिंधुबाई राहते. डोंगर जंगलखात्याचा असेल, देवाचा असेल, ज्याचा असेल त्याचा असो. सिंधुबाईच्या मनात तो तिचाच.

आणि तिचं काही खोटं नव्हतं. सोळाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा सासऱ्याने तिच्या हाती आधी विळा दिला नाही की जात्याचा खुंटा दिला नाही. सतरा गायींच्या मागची काठी दिली. वीस वर्षं ती गायींमागे हिंडली. कुठल्या कपारीत उन्हाळाभर पाणी टिकतं, कुठला दगड पाय ठेवला की दगा देतो, हे तिला घरातल्या माणसांच्या स्वभावासारखं पाठ झालं. मग शहरातले लोक येऊ लागले, पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. एका रविवारी पुरुषमंडळी टोमॅटोच्या तोडणीत अडकलेली, म्हणून तिने डोक्यावरची घागर उतरवली आणि म्हणाली, "चला, मी नेते." ते हसले. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांचं हसणं कुठेतरी खालीच सांडलं होतं, आणि सिंधुबाई वाटेवरची भाजी खुडत उभी होती.

त्यातच नाशिक रोडच्या प्रतिभाताई होत्या, नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. पुढच्या महिन्यात त्या मैत्रिणींना घेऊन आल्या आणि वाडीच्या मध्यभागी उभं राहून म्हणाल्या, "आम्हाला सिंधुबाईच पाहिजेत." ते वाक्य सिंधुबाईने डोरल्यातल्या मण्यासारखं जपलं. आठ वर्षं जपलं.

मग उज्वला आली.

उज्वला म्हणजे तिची जाऊ, धाकटा दीर योगेश याची बायको. माहेर विंचूरकडचं. तिकडे जमीन परातीसारखी सपाट. सगळ्यात उंच काय, तर कांद्याची चाळ. पहिल्यांदा सुपल्यावर गेली तेव्हा उतरताना ती चक्क बसत बसत खाली आली, आणि लुगड्याचा मागचा भाग डोंगरालाच देऊन आली. सिंधुबाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "आगं बये, डोंगर हाय ह्यो, घसरगुंडी नाय!"

पण शिकवलं तिनेच. आधी टाच, मग भार. गवत धरायचं नाही, मूळ धरायचं. डोळे वाटेवर नकोत, वाटेच्या कडेवर हवेत. जे बदललंय ते कडेला दिसतं. जीव लावून शिकवलं. शिकवताना माणसाला मोठी गोडी लागते. शिकलेलं माणूस दोन पावलं पुढे गेलं, की तीच गोडी आंबू लागते.

उज्वला दोन नाही, वीस पावलं पुढे गेली. नाशिकच्या गिर्यारोहकांच्या मंडळात आठ दिवसांचं शिबिर करून आली ते लाल हेल्मेट, दोराचं वेटोळं आणि गळ्यात शिट्टी घेऊन. मोबाइलवर तिने सुपल्यावरचा सूर्योदय टाकला आणि तो कुठे कुठे पोचला. शहरातल्या बाया गाडीतून उतरतानाच "उज्वलाताई कुठायत?" विचारू लागल्या. शेवटी ग्रामपंचायतीने पायथ्याशी पिवळा फलक लावला: सुपल्या डोंगर, वाटाड्या उज्वलाताई, खाली फोन नंबर.

सिंधुबाई चौथी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून फलक वाचला. मग मागे जाऊनही पाहिलं. मागे नुसता पत्रा होता.

दुसऱ्या दिवसापासून गोधड्या वाळत घालायला तिला तोच फलक सोयीचा वाटू लागला. उज्वला रोज संध्याकाळी गोधडी घडी करून घरी आणायची आणि म्हणायची, "आक्का, चांगली वाळली." या गोड बोलण्याने सिंधुबाईच्या अंगाचा आणखी भडका व्हायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

पौषातला शनिवार होता. सिंधुबाई सरपणाला वर गेली होती. माथ्याखाली दगडी पायऱ्यांची खिंड आहे. तिथूनच सगळे वर चढतात. तिथे ती थबकली. खिंडीच्या कपाळावर आग्या मोहोळ लोंबत होतं, सुपाएवढं, काळं, आणि त्याच्यावरून सारखी एक लाट सरकत होती. गेल्या आठवड्यात ते नव्हतं. आग्याची माशी वासाने चिडते, धुराने चिडते, आरडाओरड्याने चिडते. आणि चिडली की माणसाला पाऊण मैल पळवते. पायऱ्यांवर पळायला जागा नाही.

या डोंगरात एक रीत आहे. पुढे धोका दिसला की पहिला पाहणारा वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकतो आणि वर दगड ठेवतो. येणारा समजतो, वाट बंद. आणि ज्याने टाकली त्यानेच ती उचलायची, धोका टळल्यावर. आधी दगड बाजूला, मग डहाळी. डहाळी उचलणं म्हणजे जबान देणं, की या आता, वाट मोकळी आहे. सिंधुबाईने खिंडीच्या खाली करवंदाची डहाळी तोडली, आडवी टाकली, दोन्ही हातांनी दगड उचलून वर ठेवला आणि घरी आली. मोहोळाचं सांगायचं म्हणूनच ती चुलीपाशी बसली.

पण आधी उज्वला बोलली. "आक्का, उद्या तीस बाया येणार हायती. प्रतिभाताईंचीच मंडळी. थंडीत तुमचे गुडघे धरत्यात, तर तुम्ही खाली पिठलं-भाकरीचं बघा. वर मी नेते."

सिंधुबाईचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. "बरं," ती म्हणाली. प्रतिभाताईंची मंडळी. आणि आपण खाली. भाकऱ्या थापायला.

रविवारी उजाडता उजाडता ती वर गेली. मनात सगळं चित्र काढून ठेवलं होतं. डहाळी काढून टाकायची. उज्वला येईल शिट्टी मिरवत. मोहोळ तिला दिसायचं नाही, कांद्यातली पोर ती. आपण गायवाटेने आधीच जाऊन वळणावर बसायचं, आणि अगदी ऐनवेळी उभं राहून म्हणायचं, "थांबा!" मग तीस बायांना कळेल डोंगर कुणाचा ते. कुणाला काही होणार नव्हतं. आपण असणारच होतो ना तिथे.

गारठ्याने बोटं वळत नव्हती. दगड हलेना. तिने डहाळीलाच हिसका दिला. ती सोलून निघाली, साल दगडाखालीच राहिली, आणि चिकाने तळवा भरला. डहाळी तिने ओहळात भिरकावली आणि घर गाठलं. गायीची धार व्हायची होती, पीठ मळायचं होतं.

नऊला गाडी आली. बाया उतरल्या, चहा झाला, उज्वलाने हेल्मेटचा पट्टा आवळला. सिंधुबाई पदर खोचून मागच्या दाराने निघणार, तोच ओट्यावर काठी टेकवत प्रतिभाताई आल्या.

"मी नाही चढणार हो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या पोरी म्हणाल्या, मग कशाला येता? म्हटलं, डोंगर पाहिलाय, मला सिंधुबाईंपाशी बसायचंय."

सिंधुबाईला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं जपलेला मणी चकाकत समोर येऊन बसला होता, आणि नेमका आजच. "बसा ना ताई," ती म्हणाली आणि हातात नसलेली भाकरी थापू लागली. शिट्टी वाजली. बायांचा कलकलाट डोंगराकडे चढत गेला. प्रतिभाताई निवृत्तीनंतरचं सांगत होत्या, सुनेचं सांगत होत्या. सिंधुबाई हूं हूं करत एक भाकरी टाकत होती, एक उलटत होती. उठावं कसं? काय सांगून?

"आमची अंजली पाहिलीत ना, निळ्या टोपीतली? आज सगळी सेंटची बाटलीच अंगावर ओतून आलीय. गाडीत खिडक्या उघडाव्या लागल्या!"

सिंधुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती घडी होऊन पडली.

"अहो, कुठे निघालात? भाकरी..."

"करपू द्या!"

गायवाट सरळ वर जाते, ओहळाला धरून. ती वाट वाडीत आता एकट्या सिंधुबाईला माहीत होती. गायींचे कळप गेले, गुराखी कंपन्यांत गेले. आणि उज्वलाला तिने सगळं शिकवलं, पण ही वाट दाखवली नव्हती. काहीतरी आपलं असावं माणसाकडे. आज तीच वाट संपेना. गुडघे ठणकत होते. दर वळणावर ती कान देत होती. किंकाळी येते का? शिट्टी येते का? काहीच येत नव्हतं, आणि ते जास्त भयंकर होतं. "सुपल्या, बाबा," ती धापेच्या मध्ये म्हणाली, "माझं नाव तुझ्यावर नसलं तरी चालंल."

खिंडीच्या थोडं खाली ती झुडपांतून वाटेवर आली. तीस बाया एका ओळीत, सावलीत, गप्प बसलेल्या. अंजलीला उज्वलाने सगळ्यांत खाली नेऊन बसवलं होतं आणि अंगाला ओली माती फासायला लावली होती. उज्वला स्वतः वाटेच्या मधोमध उकिडवी बसून दगडाकडे पाहत होती. दगडाखाली करवंदाची चार हिरवी पानं आणि सोललेली साल अडकलेली होती.

ओळीतल्या पहिल्या बाईने हळूच विचारलं, "काय झालं हो?"

"पुढं मोहोळ हाय," उज्वला म्हणाली. "तेच सांगाया आक्का आल्या पळत."

सिंधुबाईला वाटलं, यापेक्षा माशा बऱ्या. मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा? ती उज्वलाजवळ खाली बसली आणि ओठ न हलवल्यासारखं बोलली. "तुला कसं कळलं?"

"उचलणारा आधी दगड बाजूला करतो. हितं कुणीतरी वढलीया. मग वर बघितलं." उज्वलाने मान न उचलता तिचा हात धरून उलटा केला. तळव्यावर चीक वाळून काळा पडला होता. "कडंला बघायचं तुम्हीच शिकवलं ना?"

"मी आधी येऊन बसणार व्हते. थांबवणार व्हते."

"तीस बाया व्हत्या, आक्का." उज्वलाचा आवाज पहिल्यांदा फाटला. "माझ्यावर राग व्हता तर माझ्या झिंज्या उपटायच्या. ह्यांनी काय केलं तुमचं?"

भांडण हवं होतं सिंधुबाईला इतके दिवस. मिळालं, आणि तिच्या बाजूने एक शब्द उभा राहीना.

"गोधड्या वाळत घाला फलकावर," उज्वला डोळे पुसत म्हणाली. "माझं नाव झाकतं, झाकू द्या. पण डहाळी नाय."

मग उज्वलाने विचारलं, "तुम्ही आता आलात, ती वाट वर जाती का?"

खरं तर "नाय" म्हणता आलं असतं. झुडपांनी वाट पुरती झाकलेली होती. बाया इथूनच खाली उतरल्या असत्या, आणि शेवटची एक गोष्ट सिंधुबाईची राहिली असती. तिने ओहळाकडे पाहिलं. तिथे तिची डहाळी दगडात अडकून पडली होती. ती उठली, डहाळी आणली, दगड हलवून नीट आडवी टाकली आणि वर पुन्हा दगड ठेवला.

"जाती," ती म्हणाली. "गायवाट हाय. खिंडीला वळसा घालून माथ्यावर निघती."

"मग तुम्ही व्हा पुढं."

ती पुढे झाली. मागे उज्वला, मागे तीस बाया. कित्येक महिने हेच तर हवं होतं. पण दिलेली जागा आणि आपली जागा यात फरक असतो. पाठीवर उज्वलाचे डोळे करवंदाच्या काट्यासारखे टोचत होते. जुन्या उंबरापाशी, जिथे वाट दोन होतात, सिंधुबाई थांबली.

"हितनं उजवीकडं गायी जायच्या. डावी भुलवती, कड्यावर नेऊन सोडती. उंबर ध्यानात ठेव. आणि आता तू हो पुढं."

"आक्का, राहू द्या की."

"पुढं हो म्हणते ना! वाट पाहून पाठ व्हत नाय, चालून व्हती."

उज्वला पुढे झाली. मागून सिंधुबाई तिची चाल न्याहाळत होती. आधी टाच, मग भार. हात गवताला नाही, मुळाला. चाल हुबेहूब तिचीच. फक्त गुडघे नवे होते, ठणकत नव्हते, आणि लाल हेल्मेट उन्हात नको तितकं चमकत होतं. सिंधुबाईच्या मनात पुन्हा त्या जुन्या आगीने हळूच कूस पालटली. घसरावी एकदा, तिला वाटलं. फार नाही. एवढीशी. विंचूरकरीण दिसावी क्षणभर.

उज्वला घसरली नाही. आणि माथा येईपर्यंत सिंधुबाईचा चीक लागलेला हात तिच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, आधाराला तसाच धरलेला होता.