फणसाखालचं पान

लग्न झालं तेव्हा मला हसू म्हणून आवरायचं नाही. खानापूरकडच्या सासरी घरात अकरा माणसं, आणि सुनेनं दात दाखवलेले एकालाही खपत नसत. म्हणून नवऱ्याला रानातल्या गुंद गावात लाकूडतोडीवर मुकादमकी मिळाली आणि दोघांपुरतं घर मिळालं, तेव्हा चुलीपुढं बसून मी एकटीच पोट धरधरून हसले. माझी चूल, माझं घर, विचारणारं कुणी नाही!

घर होतं मध काढणाऱ्या एका म्हाताऱ्याचं. तो आदल्या वर्षी रानात गेला तो परतलाच नव्हता. कुणी म्हणे वाघानं नेला, कुणी म्हणे काळी नदीत वाहून गेला. गावचा बुधवंत, म्हणजे ज्याच्या शब्दाबाहेर गाव जात नाही तो, त्यानं घर देताना अट घातली. दर अमावास्येला म्हाताऱ्याच्या नावानं परसात फणसाखाली पान वाढायचं. कावळा शिवला तर म्हातारा राजी. नाही शिवला तर त्याच दिवशी घर सोडायचं.

चार अमावास्या कावळ्यानं लाज राखली. पाचवीला मेला फिरकेचना. दुपार कलली. बुधवंत आणि दोन शेजारी परसात वाट बघत बसलेले, नवरा गाठोडी बांधायला लागलेला. काव काव करून माझा घसा कोरडा पडला. परत त्या अकरा माणसांत जायचं या विचारानं रडू फुटत होतं, आणि माझं मेलीचं असं की रडू आलं की मागोमाग हसूही येतं.

तेवढ्यात रानातल्या पायवाटेनं एक सुकलेला म्हातारा आला. पानापुढं मांडी घातली आणि खुशाल भात कालवायला लागला. एक शेजारी गोठ्यात पळाला. बुधवंत तर "तोच ह्यो, तोच!" म्हणत बसल्या बसल्या मागं सरकला.

दोन घास पोटात गेल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचं पान हाय हे?"

"तुमचंच," मी म्हटलं. "तुम्ही मेलाय न्हवं?"

"व्हय? आणि मेलेल्याला नुसता डाळभात? मासळी न्हाई?"

मग मी जी हसत सुटले ती जमिनीवरच बसले. म्हाताऱ्याला हसताहसता ठसका लागला, आणि बुधवंत त्याच्या पाठीवर थापट्या मारत बसला. अणशीला लेकीकडं तापानं पडलो होतो, बरा झालो तर नातवंडं सोडीनात, असं म्हातारा म्हणाला. निरोप धाडायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हसू ओसरलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घराचा धनी तर आला होता. घर सोडू का, म्हणून मी सरळच विचारलं.

त्यानं सारवलेल्या परसाकडं एकवार बघितलं. "ऱ्हा गे बाय. मला लेकीकडं बरं हाय. पण माझं पान बंद करू नको."

जित्या माणसाला पान वाढतात होय, म्हणून बुधवंत कुरकुरला. पण कुणी ऐकलं नाही. त्यानंतर म्हातारा दर अमावास्येला लांबची वाट तुडवत यायचा, मध आणायचा, फणसाखाली बसून मासळीभात जेवायचा आणि मला हसवून जायचा.

बरीच वर्षं असं चाललं. मग एका अमावास्येला तो आला नाही. दुपार कलायच्या आतच फणसावर कावळा येऊन बसला. मी पानावर आणखी एक मासळी वाढली आणि बाजूला झाले.