बरोबर कोण आलंय?

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते साठत जातात. आमच्या ओपीडीत विसरलेल्या छत्र्यांसारखे. कोणाच्या ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

मी ब्रेस्ट सर्जन आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरचे काका एकदम माझ्या ताटात बघायला लागतात. "श्रीखंड छान झालंय, नाही?" मी म्हणते, हो, छान झालंय. पुढे बोलणं खुंटतं.

मीरा रोडला मी राहते त्या सोसायटीत खाली नावांचा बोर्ड लागला, तेव्हा सेक्रेटरी वर आले. फार अवघडलेले. "मॅडम, सिर्फ 'सर्जन' लिख दें? क्या है, बच्चे लोग पढ़ते हैं." म्हटलं, लिखो. पुढच्याच आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात त्यांच्या मिसेस, पदर घट्ट धरलेला. "डॉक्टर, बोर्ड पे लिखा नहीं है, लेकिन मेरे को मालूम है." साधी चरबीची गाठ होती. दोन महिने कोणाला न सांगता ती बाई ती गाठ घेऊन लिफ्टमधून वर-खाली करत होती.

हे असंच असतं. या आजारात बाई आधी एकटी पडते आणि मग आजारी.

म्हणून माझा एक नियम आहे. रिपोर्ट घ्यायला एकटीने यायचं नाही, कोणीतरी बरोबर आणायचं. कारण साधं आहे. "कॅन्सर" हा शब्द ऐकला की माणसाचे कान बंद होतात. पुढे मी काय बोलते ते ऐकायला दुसरं कोणीतरी लागतं. कोण, ते मी ठरवत नाही. नवरा, शेजारीण, कोणीही चालेल. आमची नर्स रेखा दारातच विचारते, "बरोबर कोण आलंय?" कोणी नसेल तर सरळ पुढची तारीख.

गेल्या महिन्यात माझाच रिपोर्ट यायचा होता. माझी आई याच आजाराने गेली. आता नागपूरच्या मावसबहिणीला निघाला, आणि तिच्या जीन टेस्टमध्ये दोष सापडला. तो घराण्यात चालत आलेला. म्हणजे माझ्यात असण्याची शक्यता अर्धी, नसण्याची अर्धी. मी रक्त देऊन आले. आणि मग लक्षात आलं, की बरोबर न्यायला मला कोणीच नाही. त्या पंधरवड्यात मला हे सगळे किस्से एकामागून एक आठवत राहिले. लोकांनी कोणाकोणाला आणलं होतं!

*

जवळच्याच हाटकेश भागातल्या एक बाई रिक्षावाल्याला घेऊन आल्या. मिस्टरांना सुट्टी मिळत नव्हती, मुलगा बारावीला. रेखाने दारात विचारलं तशा त्या उलट्या पावली खाली गेल्या आणि ज्याच्या रिक्षातून आल्या होत्या त्यालाच वर घेऊन आल्या. तो खाकी शर्टात, हात मागे बांधून उभा. बस म्हटलं तरी बसेना.

मी सगळं सांगितलं. गाठ केवढी, ऑपरेशन काय, नंतर केमो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तो मात्र मान हलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "मॅडम, ऑपरेशन के पहले शुगर भी देखना पड़ेगा ना? इनको है. रास्ते में बोल रही थीं."

डायबेटिसचं बाईंनी मला सांगितलंच नव्हतं. रिक्षात सांगितलं होतं.

*

जीनची तपासणी करायची तर आधी घराण्यात कोणाला काय झालं ते विचारावं लागतं. इथे आमच्याकडच्या बायका हमखास एक चूक करतात. विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर?" की सांगतात, "सासूबाईंना."

अशीच एक भाईंदरची बाई. सासूला झाला म्हणून ही बारा वर्षं धास्तावलेली. एकाच स्वयंपाकघरातलं खाणं, एकच पाणी. मी म्हटलं, "बाई, सासूचं तुम्हाला काही लागत नाही. तुमच्या माहेरचं सांगा." माहेरी सगळ्या ठणठणीत. तिने इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

"बरोबर कोण आलंय?" "नणंद आलीय, बाहेर आहे." म्हटलं, तिला बोलवा आत. नणंद आली ती पर्स सावरत. मी तिलाच टेस्टचं सांगायला लागले तर म्हणते, "मला कशाला? माझं लग्न झालं ना. मी आता त्या घरातली नाही."

मी समजावलं. नाव बदलतं, आडनाव बदलतं, आईचं रक्त काही बदलत नाही. ती भावजयीकडे वळून म्हणाली, "घर भावांना दिलं. आणि हे तेवढं माझ्यासाठी ठेवलं होय आईने?"

भावजयीने तिचा हात धरला. दोघी हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता यायचं नाही.

*

एक नवरा होता, भयंकर बोलका. बायकोला विचारलं, दुखतं का, की हा सांगणार, "रात्री जरा ठणकतं." पाळी कधी गेली, तेही यालाच ठाऊक. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." गेला बिचारा.

आता बाई मोकळ्या होतील म्हणून मी पेन खाली ठेवून बसले. बाई गप्प. पंखा फिरतोय, रेखा दारात उभी. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्यांना आत घ्या ना. ते बोलत असले की मला विचार करता येतो."

त्या दिवशी रिकाम्या घरी जाऊन मी टीव्ही लावला आणि आवाज मोठा ठेवला. तेवढ्याने काही होत नाही, हे मला आधीच माहीत होतं.

*

आणि भाईंदरपलीकडच्या चौक गावच्या मेरीबाई. सत्तरीच्या पुढच्या, मासे विकायच्या. रिपोर्टच्या दिवशी एकट्याच आल्या. रेखा म्हणाली, "मावशी, कोणाला तरी घेऊन या." मेरीबाई म्हणाल्या, "मना कोन न्हाय." रेखा नियमाला पक्की. "मग पुढच्या बुधवारी या, तोवर बघा कोणी मिळतंय का."

मेरीबाई बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. हाताला धरून एका गुजराती काकींना ओढत. काकी माझ्याच जुन्या पेशंट, तपासणीला आलेल्या. रेखा गोंधळली. "ह्या तुमच्या कोण लागतात?"

"लागाचा काय हाय त्यात?" मेरीबाई म्हणाल्या. "बसली व्हती मोकली."

काकी खुर्ची ओढून बसल्यासुद्धा. "हां, बोलो डॉक्टर. मैं सुनती है."

मी बोलले. मेरीबाईंना माझं अर्धं कळलं, काकींना मेरीबाईंचं काहीच कळलं नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी काकी हजर. आता दोघी तपासणीला एकाच दिवशी येतात. काकी शुद्ध शाकाहारी, त्यांनी मेरीबाईंना एकच अट घातलीय. सुक्या बोंबलांची पिशवी रिसेप्शनला ठेवायची.

ती पिशवी माझ्यासाठी असते. दर वेळी चार माणसांना पुरतील एवढे बोंबील. मी एकटी किती खाणार? पण हे मी मेरीबाईंना अजून सांगितलेलं नाही.

*

तर माझा रिपोर्ट.

भावाला बंगळूरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू स्वतः डॉक्टर. तुला कोण काय समजावणार?" त्याला म्हटलं, तूही टेस्ट करून घे, पुरुषांकडूनही हे पुढे जातं, तुला मुली आहेत. "बघू," म्हणाला. मैत्रीण पुण्याला, सुनेच्या बाळंतपणात अडकलेली. रेखाला म्हटलं असतं तर ती धावत आली असती. पण रोज सकाळचा चहा मला तीच आणून देते. तो तिने कीव करत द्यावा, हे मला नको होतं.

इतक्या बायकांच्या खोलीत मी इतकी वर्षं बसले, आणि माझ्या शेजारी बसायला कोणी नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग रिक्षा केली आणि एकटीच गेले.

तिथली जेनेटिक काउन्सेलर निकिता, माझीच विद्यार्थिनी. मला बघून उभी राहिली. "मॅडम, बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही. बोल तू."

ती खाली बसली नाही. "मॅडम, नियम तुमचाच आहे."

"अगं, मी सर्जन आहे. मला सगळं कळतं."

"माहितीय," ती म्हणाली, "पण तुम्हीच शिकवलंत, की कान सगळ्यांचेच बंद होतात."

मला राग आला. मग राग गेला. मी उठून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांची रांग. एका जोडप्याने एकमेकांचा हात धरलेला. एक म्हातारी, तिच्याभोवती तीन मुलगे. कोपऱ्यात एक बाई, माझ्याच वयाची, मांडीवर कापडी पिशवी, शेजारची खुर्ची रिकामी.

मेरीबाईंसारखं हाताला धरून ओढायची काही माझी हिंमत झाली नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. "आप अकेली हैं?"

"हाँ... अकेलीच आयी हूँ," ती म्हणाली. त्या 'च'वरून ती मराठी हे मला कळलं, आणि आम्ही मराठीवर आलो.

"माझा रिपोर्ट आहे," मी म्हटलं. "आत बरोबर कोणीतरी लागतं. पाच मिनिटं येता का?"

तिने मला खालून वरपर्यंत बघितलं. "मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं ऐकायचं. मला ऐकू नाही आलं तर."

तिने थोडा विचार केला. पिशवी खांद्याला लावली आणि उठली.

"येते," ती म्हणाली. "पण तुमच्यानंतर माझाच नंबर आहे. तुमचं काहीही निघालं, तरी तुम्ही निघून जायचं नाही."