पुरे म्हणेपर्यंत

मोहिमेवर जाताना राणीसाहेब आमच्या पेठेत थांबल्या आणि इथल्या विहिरीचं पाणी प्यायल्या, एवढंच या गावाचं त्यांच्याशी नातं. पण त्याचा केवढा उत्सव! दुकानांना तोरणं, चौकात ढोल-ताशा, आणि विहिरीपाशी पितळी घागर घेऊन नटूनथटून उभ्या बायका.

मी इथल्या खानावळीत पोळ्या लाटते. माहेर दूर कोकणात. शाळा सातवीत सुटली आणि बोलणंही इथलं नाही, त्यामुळे चार माणसं जमली की कुणी काही विचारेल या धास्तीने मी मागेच राहते. तशीच उभी होते. शाळेच्या पुस्तकात राणीसाहेबांच्या लढाया होत्या. या पेठेने मात्र त्यांची तहान लक्षात ठेवली, याचं मला नवल वाटत होतं.

इथली रीत अशी, की पहिल्या घागरीचं पाणी परगावच्या माणसाला पाजायचं. त्या दिवशी राणीसाहेबही परक्याच होत्या ना!

"काऊन वं, मांगं काऊन लपून राह्यली?" खानावळीच्या मालकीण शांताकाकू घागर घेऊन ओरडल्या. "यंदाचा मान तुया हाय!"

"नको हो काकू, लोक बघतायत."

"पाहू दे न! राणी काय तोंड लपवून पेली होती?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि ओंजळ पुढे केली. पिणारा "पुरे" म्हणेपर्यंत ओततात. पाणी गार होतं, किंचित मचूळ. कोपरांवरून ओघळून साडी भिजली, काकूंचा हात अवघडला असेल, तरी मी बराच वेळ पुरे म्हटलं नाही.