बहुरूप्याची नजर

काल दारात फौजदार उभा राहिला. खाकी कपडे, चिकटवलेली मिशी, हातात दंडुका.

"ताई, ठाण्यावर चला. तुमच्या मांजरानं साऱ्या गल्लीचं दूध चोरलंय."

बहुरूपी होता. मी खूप दिवसांनी हसले.

पूर्वी राजांचे हेर असेच बहुरूपी होऊन शत्रूच्या गावात शिरत, म्हणे. सोंग वठवता वठवता ते बघत तरी काय असतील? हसवायला आलेल्याला कुणी अडवत नाही, आणि हसणाऱ्याचं घराकडे लक्ष नसतं.

पैसे घेताना त्यानं आवाज एकदम खाली आणला. "आत कुणी आजारी दिसतंय. झोपू द्या, मी निघतो."

बाबांच्या दुखण्याचं मी शेजाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं. मी त्याची खोटी मिशी बघत होते, तेवढ्यात त्यानं माझं खरं घर बघून घेतलं होतं.